पहिले महायुद्ध आणि अमेरिका (१९१४ ते १९२१) : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका महायुद्धात का आणि कशी उतरली, या विषयावर मराठीत बहुतेक वेळा दोनच गोष्टी सांगितल्या जातात: लुसिटानिया ही प्रवासी बोट बुडाली आणि अध्यक्ष विल्सनने शांततेची चौदा कलमे मांडली. मधला भाग गाळला जातो, आणि खरे तर तोच भाग समजून घेण्यासारखा आहे. या सगळ्या काळाची किल्ली आहे जहाजांचे टनेज, म्हणजे जहाजांची टनांत मोजलेली एकूण क्षमता. तटस्थतेचा वाद जहाजांवरून पेटला, जर्मनीने जुगार खेळला तो जहाजांच्या हिशेबावर, आणि फ्रान्समध्ये अमेरिकेचे किती सैन्य उभे राहणार हेही जहाजांनीच ठरवले. पुढची उत्तरे वाचताना हे ध्यानात ठेवले तर बऱ्याच गोष्टी आपोआप जुळतात.

१९१७ पर्यंत अमेरिका जगापासून अलिप्त होती, हे खरे का?

युरोपपुरते खरे, बाकी नाही. १८९८ च्या स्पेनविरुद्धच्या युद्धानंतर फिलिपिन्स, पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेच्या ताब्यात आले. फिलिपिन्ससाठी स्पेनला २ कोटी डॉलर दिले गेले, आणि तिथल्या स्वातंत्र्यसैनिकांशी १८९९ ते १९०२ असे भीषण युद्ध झाले. १९०३ मध्ये पनामाला कोलंबियापासून फुटायला मदत करून कालव्याची जमीन मिळवली. कॅरिबियन देशांच्या कर्जवसुलीसाठी युरोपीय आरमारे येण्याआधी आम्हीच तिथे हस्तक्षेप करू, अशी भूमिका अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने १९०४ मध्ये जाहीर केली. शांततावादी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विल्सनच्याच काळात १९१४ मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरावर, १९१५ मध्ये हैतीत आणि १९१६ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकात सैन्य उतरले. हैतीतून ते १९३४ मध्ये बाहेर पडले. तेव्हा ‘अलिप्त’ या शब्दाचा अर्थ एवढाच घ्यायचा, की युरोपातल्या भांडणात पडायचे नाही.

तटस्थ राहूनही अमेरिका एका बाजूला झुकली ती कशी?

कायद्याने तटस्थ देशाला दोन्ही बाजूंशी व्यापार करता येत होता. प्रत्यक्षात ब्रिटिश आरमाराने उत्तर समुद्राची नाकेबंदी केली आणि जर्मनीकडे जाणारा माल अडवला. दोस्त राष्ट्रांकडे, म्हणजे ब्रिटन, फ्रान्स आणि त्यांच्या साथीदारांकडे, जाणारी अमेरिकी निर्यात १९१४ मध्ये सुमारे ८२ कोटी डॉलर होती, ती १९१६ मध्ये ३२० कोटींवर गेली. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीकडे जाणारी निर्यात १७ कोटींच्या आसपास होती, ती जेमतेम १२ लाखांवर आली.

मग उधारीचा प्रश्न आला. परराष्ट्रमंत्री ब्रायन याने ऑगस्ट १९१४ मध्ये युद्धात उतरलेल्या देशांना कर्ज देण्यावर हरकत घेतली होती. पण ब्रिटन आणि फ्रान्सकडचे रोख डॉलर संपत आले, आणि कर्ज दिले नाही तर खरेदीच थांबेल हे उघड झाले. ऑक्टोबर १९१५ मध्ये मॉर्गन पेढीच्या पुढाकाराने ५० कोटी डॉलरचे कर्ज उभे राहिले. एप्रिल १९१७ पर्यंत दोस्तांना मिळालेली एकूण रक्कम २३० कोटींच्या घरात गेली होती. जर्मनीला मिळाले ३ कोटींहून कमी.

यावरून ‘सावकारांनी देशाला युद्धात ढकलले’ असा निष्कर्ष १९३० च्या दशकात अमेरिकेतच फार लोकप्रिय झाला होता. तो अर्धवट आहे. पैसा अडकला होता हे खरे, पण १९१६ च्या अखेरीस विल्सन प्रशासन ब्रिटनवर चिडलेले होते आणि अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने त्या नोव्हेंबरात अल्पमुदतीच्या परदेशी कर्जांपासून सावध राहण्याचा जाहीर इशारा दिला होता. सावकारांच्या हातात दोऱ्या असत्या, तर हे घडले नसते.

लुसिटानिया बुडाली म्हणून अमेरिका युद्धात उतरली ना?

नाही. ७ मे १९१५ रोजी आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ यू-२० या पाणबुडीने एका टॉर्पेडोत ते जहाज बुडवले. बुडायला १८ मिनिटे लागली. सुमारे १,२०० लोक गेले, त्यांत १२८ अमेरिकी होते. जहाजात बंदुकीची काडतुसेही होती, हे आता वादातीत आहे. पण युद्धाची घोषणा झाली एप्रिल १९१७ मध्ये, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांनी.

त्या घटनेने दोन गोष्टी मात्र घडवल्या. विल्सनचे निषेधाचे खलिते इतके कडक झाले, की ब्रायनने ९ जून १९१५ रोजी राजीनामा दिला. जर्मनीला जाब विचारता तर नाकेबंदीबद्दल ब्रिटनलाही विचारा, हे त्याचे म्हणणे होते. आणि मार्च १९१६ मध्ये ‘ससेक्स’ या प्रवासी बोटीवर हल्ला झाल्यावर जर्मनीने ४ मे रोजी वचन दिले, की इशारा न देता व्यापारी जहाजे बुडवणार नाही. पुढची नऊ महिन्यांची शांतता याच वचनावर टिकली.

अमेरिका युद्धात येईल हे जर्मनीला कळत नव्हते का?

चांगले कळत होते. नौदलप्रमुख होल्ट्झेनडॉर्फ याने २२ डिसेंबर १९१६ रोजी दिलेल्या टिपणात हिशेब मांडला होता: दर महिन्याला ६ लाख टन जहाजे बुडवली, तर पाच महिन्यांत ब्रिटन गुडघे टेकेल. १ फेब्रुवारीला सुरुवात केली की ऑगस्टच्या पिकाआधी खेळ संपेल. अमेरिकेला सैन्य उभारून पाठवायला वर्षभर तरी लागणार, तेव्हा ती आली काय नि न आली काय. ९ जानेवारी १९१७ रोजी प्लेस येथील बैठकीत कैसरने, म्हणजे जर्मन सम्राटाने, याला मान्यता दिली.

आकडे खोटे नव्हते. एप्रिल १९१७ मध्ये बुडालेली जहाजे साडेआठ लाख टनांच्या पुढे गेली. चूक होती गृहीतकात. ब्रिटन धान्याचे रेशनिंग करील, गव्हाखाली जास्त जमीन आणील, तटस्थ देशांची जहाजे भाड्याने टिकवील, हे त्यात धरले नव्हते. आणि काफिला पद्धत तर अजिबात धरली नव्हती. मे १९१७ पासून जहाजे एकत्र, विनाशिकांच्या पहाऱ्यात जाऊ लागली. अथांग समुद्रात तीस जहाजांचा घोळका शोधणे हे एक जहाज शोधण्याइतकेच अवघड असते. पाणबुड्यांना दिवसेंदिवस रिकामे पाणी दिसू लागले. सापडलाच काफिला, तर एखादा टॉर्पेडो सोडून खोल पळावे लागे. अमेरिकेच्या पहिल्या सहा विनाशिका ४ मे १९१७ रोजी आयर्लंडच्या क्वीन्सटाउन बंदरात दाखल झाल्या, त्या याच कामासाठी.

झिमरमन तार नेमकी कशी पकडली गेली?

हा प्रकार टप्प्याटप्प्याने पाहिला तरच कळतो.

युद्ध सुरू होताच ब्रिटनने जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा तोडल्या होत्या. शांततेच्या वाटाघाटी सोप्या व्हाव्यात म्हणून विल्सनने जर्मनांना अमेरिकेच्याच राजनैतिक तारेवरून सांकेतिक संदेश पाठवू दिले. ती तार बर्लिनहून कोपनहेगन आणि लंडनमार्गे वॉशिंग्टनला जात असे. लंडनमध्ये ब्रिटिश नौदलाचा ‘रूम ४०’ हा संकेत फोडणारा विभाग ती वाचत बसलेला होता. १६ जानेवारी १९१७ रोजी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमनचा मेक्सिकोसाठीचा संदेश याच वाटेने गेला. आशय असा: अमेरिका तटस्थ राहिली नाही, तर मेक्सिकोने आमच्याशी युती करावी, पैसा आम्ही देऊ, टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवावेत, आणि जपानलाही ओढून पाहावे.

ब्रिटिशांची अडचण दुहेरी होती. हा संकेत नवा असल्यामुळे मजकूर अर्धवटच उलगडला होता. शिवाय तो दाखवला असता, तर ब्रिटन अमेरिकेची तार चोरून वाचते हे उघड झाले असते. पण वॉशिंग्टनच्या जर्मन राजदूताने तोच संदेश मेक्सिको सिटीला साध्या व्यापारी तारसेवेने पाठवला, आणि मेक्सिकोतल्या वकिलातीकडे नवे संकेतपुस्तक नसल्याने जुन्या संकेतात पाठवला. ती प्रत ब्रिटिश हस्तकांनी मेक्सिकोच्या तारघरातून मिळवली. जुना संकेत जवळजवळ पूर्ण फुटलेला होता, आणि गळती मेक्सिकोत झाली असे भासवता आले. फेब्रुवारीच्या अखेरीस मजकूर अमेरिकी राजदूताच्या हाती दिला गेला, १ मार्चला वर्तमानपत्रांत छापून आला.

पुष्कळांना तो बनावट वाटला. तो संशय मिटवला खुद्द झिमरमनने: ३ मार्चला त्याने तार आपलीच असल्याचे कबूल करून टाकले. राजनैतिक इतिहासात इतका अनाकलनीय प्रामाणिकपणा क्वचितच सापडेल.

मतदान किती फरकाने झाले?

विल्सनने २ एप्रिल १९१७ रोजी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, भाषण केले. सिनेटमध्ये ४ एप्रिलला ८२ विरुद्ध ६, प्रतिनिधिगृहात ६ एप्रिलला ३७३ विरुद्ध ५०. विरोधात मत देणाऱ्यांत माँटानाच्या जेनेट रँकिन होत्या, काँग्रेसवर निवडून आलेल्या पहिल्या स्त्री.

अमेरिका दोस्तांची ‘सहयोगी’ झाली, ‘मित्र’ नाही. हा शब्द विल्सनने मुद्दाम धरून ठेवला, कारण दोस्तांच्या आपसातल्या गुप्त करारांचे ओझे त्याला नको होते. ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्धची घोषणा डिसेंबर १९१७ मध्ये झाली. तुर्कस्तान आणि बल्गेरियाविरुद्ध ती कधी झालीच नाही.

एवढे सैन्य कुठून आणले? सक्तीची भरती कशी चालत असे?

घोषणेच्या वेळी कायम सैन्य होते सव्वा लाखाच्या आसपास. १८ मे १९१७ रोजी भरतीचा कायदा झाला. यादवी युद्धातल्या भरतीत पैसे देऊन बदली माणूस उभा करता येत असे आणि त्यावरून १८६३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोठी दंगल पेटली होती. म्हणून या वेळी बदली माणसाची सोय कायद्यानेच बंद केली. दुसरी खबरदारी म्हणजे लष्करी अधिकारी दारात पाठवले नाहीत. नोंदणी झाली नेहमीच्या मतदान केंद्रांवर, आणि निवड केली गावातल्याच नागरिकांच्या साडेचार हजारांवर स्थानिक मंडळांनी.

क्रम असा होता. ५ जून १९१७ रोजी २१ ते ३० वयाच्या सुमारे ९६ लाख पुरुषांनी नावे नोंदवली. प्रत्येक मंडळाने आपल्या यादीला १ पासून क्रमांक दिले. २० जुलैला वॉशिंग्टनमध्ये १ ते १०,५०० आकड्यांच्या चिठ्ठ्या कुप्यांत घालून मोठ्या काचपात्रात टाकल्या. युद्धमंत्री बेकर याने डोळ्यांवर पट्टी बांधून पहिली कुपी काढली: २५८. म्हणजे देशभरातल्या प्रत्येक मंडळातला २५८ क्रमांकाचा माणूस पहिला. मग वैद्यकीय तपासणी, मग भरतीतून सूट मागणारे अर्ज.

पहिल्या फेरीत गोंधळ झाला तो इथेच. आधी बोलवायचे आणि मग कुटुंब, धंदा, प्रकृती पाहायची, यामुळे मंडळे अर्जांखाली गाडली गेली. डिसेंबरपासून उलटे केले: आधी सर्वांकडून प्रश्नावली भरून घेतली, पाच वर्ग पाडले, आणि फक्त पहिल्या वर्गातून माणसे उचलली. सप्टेंबर १९१८ मध्ये वयोमर्यादा १८ ते ४५ केली. एकूण २ कोटी ४० लाखांची नोंद झाली, सुमारे २८ लाख भरती झाले. काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकांना लढाईऐवजी हमालीवर लावले गेले.

शस्त्रे अमेरिकेचीच होती का?

बंदुका बहुतांशी हो, बाकी फारसे नाही.

रायफलची गोष्ट उद्बोधक आहे. सैन्याची अधिकृत रायफल ‘स्प्रिंगफील्ड १९०३’ होती, पण ती दोनच सरकारी कारखान्यांत बनत असे. त्याच वेळी तीन खाजगी कारखाने ब्रिटनसाठी एनफील्ड बनवत होते आणि ते कंत्राट संपत आले होते. यंत्रे, कारागीर, साचे सगळे तयार. मग तीच रायफल अमेरिकी काडतुसाला जुळवून घेतली आणि ‘मॉडेल १९१७’ म्हणून २२ लाखांवर तयार केली. सुरुवातीला अडले ते सुट्या भागांवर: एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या रायफलीत नीट बसेना, कारण मापांच्या मर्यादा तिघांच्या वेगळ्या होत्या. मापे एक करण्यात काही आठवडे गेले. आघाडीवर बहुसंख्य अमेरिकी शिपायांच्या हातात हीच रायफल होती.

मशीनगन म्हणून फ्रेंच ‘शोशा’ घ्यावी लागली. तिच्या गोळ्यांच्या पेटीला एका बाजूने उघडी खाच होती, गोळ्या किती उरल्या हे दिसावे म्हणून. खंदकातला चिखल तिथूनच आत जाई आणि बंदूक अडके. ब्राउनिंगची उत्तम स्वयंचलित रायफल तयार होती, पण नमुना जर्मनांच्या हाती लागेल या धास्तीने फ्रान्समधल्या अमेरिकी फौजेचा सेनापती जनरल पर्शिंग याने ती सप्टेंबर १९१८ पर्यंत आघाडीवर येऊ दिली नाही. तोफा फ्रेंच ७५ मिलिमीटर, रणगाडे रेनॉ, लढाऊ विमाने निओपोर आणि स्पाद. हा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडला: तोफ अमेरिकेतून आणण्यापेक्षा पोलाद आणून फ्रान्समध्ये ओतली तर जहाजात जागा कमी लागे.

१९१७-१८ च्या हिवाळ्यात सगळे ठप्प का झाले?

कारण प्रत्येक खात्याने आपल्या मालाला ‘अग्रक्रम’ची चिठ्ठी लावली. लष्कर, नौदल, जहाजबांधणी मंडळ, सगळ्यांचाच माल तातडीचा. मग अग्रक्रमाला अर्थच उरला नाही. रेल्वेच्या मालवाघिणी पूर्व किनाऱ्यावर जाऊन पोचत, पण जहाज नाही म्हणून तिथेच भरलेल्या उभ्या राहत. परत न गेल्यामुळे खाणींवर वाघिणी मिळेनात, कोळसा निघेना, आणि बंदरात मालाने भरलेली जहाजे इंधनाविना खोळंबली. डिसेंबरच्या अखेरीस सरकारने रेल्वे ताब्यात घेतली. जानेवारी १९१८ मध्ये मिसिसिपीच्या पूर्वेकडचे बहुतेक कारखाने पाच दिवस बंद ठेवून जहाजांसाठी कोळसा सोडवावा लागला.

जहाजबांधणीतही असेच. जहाजे लाकडाची की पोलादाची, या वादात जुलै १९१७ मध्ये दोन्ही प्रमुख गेले. त्यांतला एक पनामा कालवा बांधणारा गोथल्स. फिलाडेल्फियाजवळ हॉग आयलंडला ५० जहाजे एका वेळी बांधता येतील असा जगातला सर्वांत मोठा कारखाना उभारला. त्याचे पहिले जहाज ताब्यात मिळाले डिसेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपल्यावर.

मग २० लाख सैनिक फ्रान्सला गेले कसे?

जवळपास निम्मे ब्रिटिश जहाजांतून. उरलेल्यांपैकी बरेच जप्त केलेल्या जर्मन जहाजांतून. १९१४ पासून अमेरिकी बंदरांत अडकलेली मोठी प्रवासी जहाजे घोषणेच्या दिवशी ताब्यात घेतली गेली. जर्मन खलाशांनी आधीच इंजिनांचे बिडाचे सिलिंडर फोडून ठेवले होते. नवे ओतायला वर्षाहून अधिक काळ लागेल असा त्यांचा अंदाज. अमेरिकी नौदलाने तुकडे विजेच्या वेल्डिंगने जोडले. बीड वेल्डिंगला वाईट, असा तेव्हाचा समज होता, तरी सांधे टिकले आणि जहाजे काही महिन्यांत चालू झाली. ‘फाटरलँड’चे नाव ‘लेव्हायथन’ झाले आणि ते एका फेरीत १० हजारांवर शिपाई नेऊ लागले.

मार्च १९१८ च्या जर्मन चढाईनंतर घाई झाली. तोफा, घोडे मागे ठेवून फक्त माणसे भरली. जुलैत एका महिन्यात ३ लाखांवर सैनिक निघाले. होल्ट्झेनडॉर्फचे गणित इथे पूर्ण उलटले.

प्रत्यक्ष लढाई किती झाली, किती मेले?

मोठी लढाई शेवटच्या सहा महिन्यांतच: मे १९१८ मध्ये कांतिन्यी, जूनमध्ये बेलो वूड, सप्टेंबरमध्ये सें-मिएल, आणि २६ सप्टेंबरपासून शस्त्रसंधीपर्यंत म्यूज-आर्गोन. या शेवटच्या मोहिमेत १२ लाख अमेरिकी सैनिक होते आणि २६ हजारांवर मारले गेले. पर्शिंगने आपले सैनिक ब्रिटिश-फ्रेंच पलटणींत वाटून द्यायला ठाम नकार दिला होता. राजकीयदृष्ट्या ते बरोबर असेल, पण खंदकयुद्धातले धडे दोस्तांकडून न शिकता रक्त सांडून शिकावे लागले.

एकूण मृत्यू १,१६,५१६. त्यांतले ५३ हजार लढाईत, ६३ हजार इतर कारणांनी, मुख्यतः १९१८ च्या इन्फ्लुएंझाने. कोंबून भरलेल्या छावण्या आणि जहाजे ही त्या साथीला आयतीच जागा मिळाली.

युद्धाला विरोध करणाऱ्यांचे काय झाले?

१९१७ चा हेरगिरी कायदा आणि १९१८ चा राजद्रोह कायदा, या दोन्हींचा रोख हेरांपेक्षा बोलणाऱ्यांवर जास्त होता. समाजवादी नेते यूजीन डेब्स यांना जून १९१८ च्या ओहायोतल्या कँटन येथील भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. १९२० मध्ये त्यांनी तुरुंगातून अध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि नऊ लाखांवर मते मिळवली. १९०८ साली टिळकांना लेखांसाठी मंडालेला पाठवणाऱ्या राजद्रोहाच्या कलमाची आठवण मराठी वाचकाला इथे झाल्याशिवाय राहत नाही.

हिंदुस्थानाशी याचा काही संबंध होता का?

होता, आणि तीन ठिकाणी ठळक होता.

पहिला गदर पक्षाचा, म्हणजे अमेरिकेतल्या हिंदी क्रांतिकारकांच्या संघटनेचा. सॅन फ्रान्सिस्कोतून चालणाऱ्या या चळवळीत वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे होते. पिंगळे मेरठ छावणीत बाँबसह पकडले गेले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला फासावर गेले. जर्मन पैशाने घेतलेली शस्त्रे ‘ॲनी लार्सन’ बोटीवर भरून सॅन दिएगोहून निघाली, पण ती ज्या ‘मॅव्हरिक’ जहाजावर चढवायची होती त्याच्याशी गाठच पडली नाही. बोट जून १९१५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात जप्त झाली. खटला मात्र उभा राहिला अमेरिका युद्धात उतरल्यावर, नोव्हेंबर १९१७ मध्ये. एप्रिल १९१८ मध्ये भर कोर्टात रामचंद्र या गदर नेत्याला दुसऱ्या आरोपीने गोळी घातली.

दुसरा चांदीचा. युद्धखर्चामुळे हिंदुस्थानात चांदीच्या रुपयाची टंचाई झाली, लोक नोटा मोडून रुपये मागू लागले. १९१७ च्या अखेरीस सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. नोटांवरचा विश्वास उडाला असता, तर फौजेचा पुरवठाच थांबला असता. तेव्हा एप्रिल १९१८ च्या पिटमन कायद्याने अमेरिकेने आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवले आणि सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानासाठी विकली. ती मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत रुपये होऊन बाहेर पडली.

तिसरा स्वयंनिर्णयाचा, म्हणजे लोकांनी आपले भवितव्य स्वतः ठरवावे या विल्सनच्या तत्त्वाचा. १९१८ च्या दिल्ली अधिवेशनात राष्ट्रीय सभेने (हिंदुस्थानातल्या काँग्रेसने) पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी टिळकांचे नाव दिले, पण तिथे जायला त्यांना परवानगी मिळाली नाही. लंडनहून त्यांनी विल्सन आणि फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसो यांना पत्रे लिहिली. विल्सनच्या कचेरीकडून पोच आली, त्यापुढे काही नाही.

अमेरिकेने व्हर्साय तह का नाकारला?

जर्मनीशी झालेल्या या शांतता तहासारख्या कोणत्याही तहाला सिनेटमध्ये दोन-तृतीयांश मते लागतात. अडसर होता तहातच मांडलेल्या राष्ट्रसंघ या देशांच्या नव्या संघटनेच्या दहाव्या कलमाचा: सभासदाच्या भूमीवर हल्ला झाला तर मदतीचे बंधन, मग युद्धाचा अधिकार काँग्रेसकडे राहतो की नाही? रिपब्लिकन नेते लॉज यांनी १४ राखीव अटी मांडल्या. विल्सन देशभर प्रचाराला निघाला, २५ सप्टेंबर १९१९ रोजी कोलोरॅडोतल्या प्वेब्लोला कोसळला आणि आठवड्याभरात पक्षाघाताने अंथरुणाला खिळला. तिथून त्याने आपल्या पक्षाला अटींविरुद्ध मत द्यायला सांगितले. १९ मार्च १९२० च्या अखेरच्या मतदानात अटींसह तहाला ४९ विरुद्ध ३५ मते पडली, सात कमी. तह लॉजने पाडला असे सर्रास म्हणतात, पण त्या सात मतांचा हिशेब विल्सनच्याही नावावर मांडायला हवा.

मग अमेरिकेपुरते युद्ध संपले कधी?

कायद्याने २ जुलै १९२१ रोजी, काँग्रेसच्या ठरावावर नवे अध्यक्ष हार्डिंग यांची सही झाली तेव्हा. ऑगस्ट १९२१ मध्ये ऑस्ट्रिया, जर्मनी आणि हंगेरी यांच्याशी वेगवेगळे तह झाले. त्यांत व्हर्सायमधले अमेरिकेच्या फायद्याचे हक्क घेतले, राष्ट्रसंघाचे बंधन वगळले. तुर्कस्तान आणि बल्गेरियाशी युद्ध पुकारलेच नव्हते, त्यामुळे त्यांच्याशी शांततेचा तह करण्याची गरजच पडली नाही.